मुलांना घेऊन वर्षभर जर्मनीला, सासूसासऱ्यांजवळ राहायला जावं का?

माहुली

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे आणि घरात बोलून बोलून आम्ही दोघंही थकलोय, म्हणून इथे विचारतेय. आम्ही पुण्यात असतो, मी आयटीत, नवरा जर्मन आहे, चाकणला नोकरीला, लग्नानंतर तोच इकडे आला आणि आता इथलाच झालाय. लेक सात वर्षांची, दुसरीत. मुलगा साडेतीन वर्षांचा. सासूसासरे जर्मनीत, हानोफरजवळ त्सेले म्हणून शहर आहे, तिथून थोडं आत एका खेड्यात राहतात.

नोव्हेंबरात सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला. नवरा लगेच गेला, महिनाभर राहून आला. रीहॅब झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात पण उजवा हात फारसा उचलत नाही आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. त्यांना सगळं कळतं, म्हणायचं असतं एक आणि तोंडातून येतं दुसरं, मग चिडतात आणि गप्प बसतात. आधी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर लेकीशी तास तास गप्पा व्हायच्या, आता दोन मिनिटांत फोन सासूबाईंकडे देतात. हे बघवत नाही. सासूबाई ७४ च्या आहेत, सगळं एकट्या ओढतायत, नणंद कॅनडात, तिला निघणं शक्य नाही.

तर विचार असा चाललाय की येत्या ऑगस्टपासून एक वर्ष, फार तर दोन, मुलांना घेऊन तिकडे जावं. नवऱ्याच्या कंपनीचं हानोफरला ऑफिस आहे, तिथे जागा मिळू शकते असं म्हणतायत. माझी कंपनी परदेशातून काम करू देणार नाही, एक वर्षाची बिनपगारी रजा देईल. मला जर्मन येतं, बी-वनपर्यंत परीक्षा दिल्यात, मुलांना कळतं, लेक तोडकंमोडकं बोलते. सासरच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, त्यांची इच्छा आहे की आम्ही तिथेच राहावं.

माझ्या मनातल्या भीती सांगते. लेकीची शाळा चांगली बसलीये, मैत्रिणी आहेत, ती परत येईल तेव्हा काय? एक वर्ष म्हणून जाऊ आणि मग निघता येणार नाही असं झालं तर? आणि सगळ्यात मोठं म्हणजे माझे आईबाबा साताऱ्याला असतात, बाबांना शुगर आहे, आईचे गुडघे गेलेत, भाऊ बंगळूरला. आईला सांगितलं तर म्हणाली जा गं, आम्ही ठणठणीत आहोत, आणि नंतर एकदम विषय बदलला. कोणी असं तात्पुरतं मुलांसकट गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रानजाई

माहुली, मी ब्राउनश्वाइगला असते, तुझ्या सासरपासून फार लांब नाही. कागदांचं आधी सांगते कारण बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं. मुलांचे पासपोर्ट जर्मन आणि सोबत ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, असेल असं धरते, तसं असेल तर त्यांचा प्रश्न नाही. तुला मात्र शेंगेन टूरिस्ट व्हिसावर जाऊन चालणार नाही, तो नव्वद दिवसांचा असतो. तुला फॅमिली रियुनियनचा नॅशनल व्हिसा लागेल, त्याला ए-वनची अट असते, तुझं बी-वन आहे म्हणजे तो अडथळा गेला. पण अर्ज तिथल्या स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाकडेही जातो, त्याला महिने लागू शकतात, त्यामुळे ऑगस्टला जायचं असेल तर आत्ताच अपॉइंटमेंटच्या मागे लाग.

तिथे गेल्यावर जे रेसिडेन्स परमिट मिळतं त्यावर नोकरीची पूर्ण मुभा असते, जर्मन नागरिकाच्या बायकोला साधारण तीन वर्षांचं देतात. पण एक गोष्ट लक्षात ठेव, सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलीस आणि आधी परवानगी घेतली नसेल तर ते परमिट संपतं. म्हणजे एक वर्ष राहून पुण्याला परतलात आणि वर्षभराने पुन्हा जावं लागलं तर तुला पहिल्यापासून व्हिसा.

गेल्या गेल्या दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, वरच्या मजल्यावर राहिलात तर ते सासूसासरेच देतील. आणि नोंदणी झाली की लेकीला शाळेत घालणं सक्तीचं, तिथे घरी शिकवायची परवानगी नाही. पुण्याच्या शाळेचा ऑनलाइन अभ्यास चालू ठेवून वर्ष काढू असा विचार असेल तर तो सोडून दे.

कातळ

मी जरा उलट बाजूने बोलतो, राग मानू नका. आजारी वडिलांजवळ मुलाने जायला हवं, अगदी मान्य. पण इथे मुलगा नोकरी करणार हानोफरला, म्हणजे सकाळी सातला बाहेर आणि संध्याकाळी सहाला घरी, आणि दिवसभर घरात कोण तर माहुलीताई. सासऱ्यांचा वॉकर, सासूबाईंची कंबर, साडेतीन वर्षांचा मुलगा, दुपारी एकला शाळेतून येणारी मुलगी, सगळं एकीवर. स्वतःची नोकरी नाही, पगार नाही, आईवडील सहा हजार किलोमीटरवर. हे एक वर्ष तुमच्या करिअरमधून कायमचं जातं आणि कोणी त्याचा हिशेब ठेवत नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत हे जवळून पाहिलंय, देश वेगळा होता एवढंच. नवऱ्याने एकट्याने दोन दोन महिने जाऊन यावं, तिथे मदतनीस लावावी, मुलांची शाळा सुरळीत चालू द्यावी, सुट्टीत सगळ्यांनी जावं. हा पर्याय तुम्ही मोडीत का काढलाय ते कळलं नाही.

माहुली

कातळ, राग अजिबात नाही, हेच माझ्या मनातही येतं. पर्याय मोडीत काढला नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे नवरा वर्षातून दोन दोन महिने तीन वेळा गेला तर इथली नोकरी राहणार नाही. दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, फोनवर सासऱ्यांशी बोलणंच होत नाही आता. फोनवर शब्दच लागतात ना, आणि तेच त्यांच्याकडे नाहीत. शेजारी बसलं तर ते हाताने दाखवतात, डोळ्यांनी सांगतात, नवरा गेला होता तेव्हा दोघं मिळून पत्ते खेळायचे आणि सासरे जिंकायचे. मुलं सुट्टीत तीन आठवडे जातात त्यातला पहिला आठवडा ओळख पटण्यातच जातो, विशेषतः धाकट्याचा. त्याला आजोबा हवेत असं मला वाटतं, आणि किती वर्षं मिळतील ते कोणाला ठाऊक.

अंगणवेल

बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची असेन, सांगलीला असते, माझा मुलगा सून नातवंडं परदेशात आहेत. तुझा लेख दोनदा वाचला. सगळ्यांचं लिहिलंस पण सासूबाईंना नेमकं काय हवंय ते कुठे आलं नाही. वरचा मजला रिकामा आहे म्हणून या असं त्या म्हणाल्या, की तुम्ही विचारलंत म्हणून हो म्हणाल्या? आमच्या पिढीला मागणं जड जातं, तिकडेही वेगळं नसेल. माझा मुलगा एकदा म्हणाला आई आम्ही दोन वर्षं येऊन राहतो, मला आनंद झाला आणि त्याच रात्री झोप लागली नाही, कारण माझ्या दिवसाची एक घडी बसलेली आहे, पहाटे उठणं, भिशी, भजनी मंडळ, तिच्यात चार माणसं आली की ती मोडते. नवऱ्याला बाजूला ठेवून तू एकटी त्यांच्याशी बोल. बाईला बाई सांगते.

आणि तुझ्या आईचं. तिने विषय बदलला म्हणजे तिला वाईट वाटलंय, पण अडवायचं नाहीये. तिला पुन्हा पुन्हा विचारू नकोस जाऊ का म्हणून, तिच्या गळ्यात तो निर्णय टाकू नकोस. त्यापेक्षा साताऱ्याची सोय लावून जा. डॉक्टर कोण, रात्रीबेरात्री गाडी कोण काढेल, औषधं कोण आणून देईल, बँकेची कामं. भावाला सांग की या वर्षात तू महिन्यातून एकदा यायचं. स्पष्ट सांग, आडून नको.

शुश्रूषा

मी नर्स आहे, मूळची नगरची, आता श्टुटगार्टजवळ घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेत काम करते. रोज अशीच घरं बघते म्हणून लिहायला बसले, लांबण लागेल.

पहिला प्रश्न, सासऱ्यांचा प्फ्लेगेग्राड, म्हणजे माणसाला किती मदत लागते त्याची ग्रेड, ठरलाय का? नसेल तर बाकी सगळं सोडा आणि त्यांच्या आरोग्य विम्याच्या ऑफिसला आधी फोन करा. मेडिकल सर्व्हिसचा माणूस घरी येऊन बघतो की अंघोळ, कपडे, जेवण, चालणं, औषधं यातलं माणसाला स्वतः किती जमतं, त्यावरून एक ते पाच ग्रेड मिळते. घरचे लोक सांभाळत असतील तर २०२५ पासून ग्रेड दोनला महिना ३४७ युरो, तीनला ५९९, चारला ८०० मिळतात. पैसे न घेता किंवा थोडे घेऊन बाकीच्यात नर्सिंग सर्व्हिसही लावता येते, म्हणजे सकाळी आमच्यासारखं कोणीतरी येऊन अंघोळ घालून जातं. तपासणीच्या दिवशी सासरे नेटके कपडे घालून, मला सगळं जमतं असं दाखवतील, सगळे आजोबा तेच करतात. म्हणून आदल्या आठवड्यात सासूबाईंनी रोज कशाला मदत लागली ते एका वहीत लिहून ठेवायचं आणि ती वही समोर ठेवायची. बोलता येत नसेल तर त्या दिवशी घरचं कोणीतरी हजर हवंच.

दुसरं. कातळ म्हणतायत ती भीती खरी आहे, पण त्यावर कायद्यात थोडी सोय आहे. ग्रेड दोन किंवा वरच्या माणसाला घरचं कोणी आठवड्याला किमान दहा तास, दोन दिवसांत तरी विभागून सांभाळत असेल आणि त्याची स्वतःची नोकरी तीस तासांपेक्षा जास्त नसेल तर त्याच्या पेन्शनचे हप्ते विम्याकडून भरले जातात. आणि माहुली, तुझ्या नवऱ्याला तिकडच्या कायद्याचं काँट्रॅक्ट मिळालं तर त्यालाही वडिलांसाठी रजा मिळू शकते, पंधराहून जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिन्यांपर्यंत पूर्ण किंवा अर्धवेळ, बिनपगारी असते पण नोकरी शाबूत. मोठी कंपनी असेल तर दोन वर्षांपर्यंत तास कमी करता येतात, आठवड्याला किमान पंधरा तास काम करायचं. हे सुनेने करायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. मुलाने आठवड्यातला एक पूर्ण दिवस वडिलांसाठी ठेवायचा हे पहिल्या दिवसापासून ठरवून घ्या.

तिसरं माझं मत. ज्या घरी मुलं परदेशातून येऊन वर्षभर सगळं स्वतःच्या हातांनी करतात तिथे ती गेली की आईवडील आधीपेक्षा जास्त उघडे पडतात, कारण वर्षभर बाहेरची मदत लावलीच नाही. तुमचं वर्ष सेवा करण्यात घालवू नका, व्यवस्था बसवण्यात घालवा. बाथरूममध्ये पकडायचे दांडे बसवून घ्या, उंबरे काढा, स्पीच थेरपी चालू राहील हे बघा, नर्सिंग सर्व्हिसची सवय त्यांना तुम्ही असतानाच लागू दे. पहिल्यांदा परकं माणूस घरात आलं की आजोबा दार लावून घेतात, त्याला दोन तीन महिने द्यावे लागतात. तुम्ही निघाल तेव्हा त्यांच्या आठवड्यात फक्त तुमची जागा रिकामी व्हायला हवी, बाकी सगळं चालू राहिलं पाहिजे.

मोगरावेणी

शुश्रूषा, हा प्रतिसाद कुठेतरी चिकटवून ठेवायला हवा. माझे काका म्युनिकला एकटे असतात, आजच चुलतभावाला पाठवते.

दोनघरचा

आम्ही दोन वर्षं जर्मनीत राहून दोन मुलांना घेऊन पुण्याला परतलो, तेव्हा परतीचं सांगतो, जाण्याबद्दल सगळे बोलतात, परतीबद्दल कोणी बोलत नाही.

शाळा सोडल्याचा दाखला काढलात की सीट गेली असं समजा. काही शाळा वर्षाची फी घेऊन जागा राखतात, काही तोंडी हो म्हणतात आणि वेळेला हात वर करतात, जे काय ठरेल ते मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. वर्षांचं गणितही जुळत नाही, आपलं जूनमध्ये सुरू होतं, तिथलं ऑगस्टमध्ये. ऑगस्टला जाऊन पुढच्या जुलैत परतलात तर इथे महिना दीड महिना बुडतो, तो चालतो, पण नोव्हेंबर डिसेंबरमध्ये परत येण्याचा विचार करू नका, मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं.

अभ्यासाचं म्हणाल तर गणितात आपली मुलं पुढे असतात, तिथे दुसरीत दहापर्यंतचे पाढे करतात. मागे पडतं ते मराठी, तेही वाचन लिखाण, बोलणं घरात टिकतं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, म्हणजे परत आल्यावर लेकीला चौथीच्या मराठीच्या पुस्तकासमोर बसावंच लागेल. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात पण छापील घेऊन जा, मूल पुस्तक हातात घेतं, पीडीएफ उघडत नाही. आम्ही रोज रात्री एक पान मोठ्याने वाचायचो, बाकी काही नाही, आणि थोरलीला परत आल्यावर फार जड गेलं नाही.

धाकट्याचं वेगळं. साडेतीन वर्षांचं मूल तिथे बालवाडीत गेलं की थोड्याच महिन्यांत खेळताना स्वतःशी जर्मन बोलायला लागतं आणि परत आल्यावर तितक्याच वेगाने विसरतं. तुमच्याकडे बाबा जर्मन बोलणारे आहेत, तुमचं टिकेल.

परतल्यावर आमच्या थोरलीला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला तर एकटीने कुठे जाता न येण्याचा. तिथे ती मैत्रिणीबरोबर चालत शाळेत जायची, सायकलवरून लायब्ररीत जायची. इथे सोसायटीच्या गेटबाहेर आम्ही सोडेना. तिने दोन महिने आमच्याशी भांडण काढलं. त्याची तयारी ठेवा.

रानजाई

दोनघरचा, चालत जाण्याबद्दल अगदी अगदी.

माहुली, धाकट्याच्या बालवाडीचं राहिलं होतं. पहिल्या वाढदिवसापासून जागेचा हक्क कायद्याने २०१३ पासून आहे, आणि आपल्या राज्यात, नीडरझाक्सनमध्ये, तीन वर्षांपुढच्या मुलांना रोज आठ तासांपर्यंत फी नाही, फक्त जेवणाचे पैसे. पण हक्क असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं, ऑगस्टच्या जागा वसंतातच वाटल्या जातात. सासूबाईंना सांग त्यांच्या ग्रामपंचायतीत, म्हणजे गेमाइंडेत जाऊन चौकशी करायला, गावात ओळख असतेच. गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, मार्च २०२० पासून बालवाडीला आणि शाळेला दोन्हीकडे सक्तीचं आहे, दोन डोस. आपल्याकडे एमआर किंवा एमएमआरचे डोस झालेले असतात, पण कार्डावर तारखा आणि डॉक्टरांचा शिक्का नीट दिसतोय ना बघ, पुसट असेल तर डॉक्टरांकडून नवीन लिहून घे.

पहिले दोन तीन आठवडे तुला बालवाडीत त्याच्यासोबत बसावं लागेल. पहिल्या दिवशी तासभर, मग तू दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं हळूहळू सोडतात. घाई करत नाहीत आणि तूही करू नकोस. प्रत्येक मुलाचा एक हुक असतो, त्यावर चित्र, माझ्या लेकाचा कासव होता, त्या हुकाला पावसाळी पँट, खाली गमबूट आणि आत घालायच्या चपला. पाऊस असो, चिखल असो, मुलं रोज बाहेर जातात. आपल्या आयांना पहिल्यांदा भीती वाटते सर्दी होईल म्हणून, होतेही, पहिला हिवाळा सर्दीतच जातो, मग मूल घट्ट होतं.

लेकीच्या शाळेचं, वर्ग मुख्याध्यापक ठरवतील, दुसरी की तिसरी. भाषा येईपर्यंत दुसरीत बसवत असतील तर हरकत घेऊ नकोस, एकाच वर्षाचा प्रश्न आहे आणि तिला मैत्रिणी मिळणं जास्त महत्त्वाचं. दुपारनंतर शाळेत थांबायची सोय तिथे आहे का ते विचार. तो हक्क ऑगस्ट २०२६ पासून लागू होतोय पण आधी फक्त पहिलीच्या मुलांना, तुझ्या लेकीला तो मिळणार नाही, शाळेत सोय असली तर असली.

कातळ

शुश्रूषा यांनी लिहिलेलं वाचून माझं मत थोडं बदललंय. नवऱ्याने तास कमी करणं शक्य असेल तर चित्र वेगळं आहे. मग माझा एकच आग्रह, वरच्या मजल्यावर राहू नका. जवळ राहा पण वेगळं घर घ्या. एका छताखाली राहिलं की हाक कधीही येते, आणि आलेली हाक कोणी टाळू शकत नाही.

माहुली

अंगणवेल काकू, तुमचं ऐकलं. काल सासूबाईंना एकटीने फोन केला, नवरा ऑफिसात होता. सरळच विचारलं की आम्ही येऊन राहिलो तर तुम्हाला काय काय नकोसं होईल. आधी म्हणाल्या काहीच नाही. मग थोड्या वेळाने बोलत गेल्या. म्हणाल्या की संध्याकाळी सहाला ब्रेड, चीज, काकडी असं थंड जेवण जेवून त्या दोघांनी सातला टीव्हीच्या बातम्या बघायच्या हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे, आणि झटक्यानंतर सासऱ्यांचा तेवढाच एक तास शांततेत जातो, तेव्हा घरात धावपळ झाली तर त्यांना त्रास होतो. आमच्याकडे सहाला मुलं खेळून येतात आणि आठला कुकर लागतो. आणि म्हणाल्या तुझ्या सासऱ्यांना अंघोळ घालायला मला सून नको, मला तुझ्यासमोर ते नको वाटतं आणि त्यांनाही वाटेल, मला दुपारी चारला कॉफी आणि केक घ्यायला मुलं आलेली हवीत. एवढं स्पष्ट त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. मला रडू आलं, त्यांनाही.

प्फ्लेगेग्राडचा अर्ज केलेला नाहीये! सासूबाईंना वाटत होतं तो अगदी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असतो. नवरा आज फोन करतोय.

अंगणवेल

बघ, म्हटलं नव्हतं. मग आता वरचा मजला रिकामाच राहू दे.

लेकीला विचारलंस का गं? सात वर्षांचं मूल कळतं सवरतं असतं. तिला आधी ठरवून मग सांगू नका.

माहुली

विचारलं काकू. तिचे प्रश्न तीन होते. तिथे तिच्या वर्गात कोणी काळ्या केसांचं असेल का, ओपा, म्हणजे तिकडचे आजोबा, तिला ओळखतील का, आणि साताऱ्याच्या आजीकडे गणपतीला जायचं कसं. पहिल्या दोनवर बोललो आम्ही. ओपा ओळखतात, नुसते शब्द अडकतात, हे तिला व्हिडिओवर दाखवलं, तिने एक कप वर धरला आणि ते टासं, म्हणजे कप, म्हणाले आणि दोघंही हसले, तिने तेच अजून पाच वस्तूंचं केलं. गणपतीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हिरवाचाफा

गणपतीला नाही येता येणार, ऑगस्ट सप्टेंबरमध्ये तिथली शाळा नुकती सुरू झालेली असते आणि सुट्टीखेरीज मुलांना शाळेतून काढलं तर दंड होऊ शकतो. पण नाताळची सुट्टी दोन आठवड्यांची असते, तेव्हा साताऱ्याला या, किंवा जमत असेल तर आईबाबांनाच उन्हाळ्यात महिनाभर तिकडे बोलवा. आमच्याकडे माझ्या आईने आणि डच सासूने मिळून एकत्र पुरणपोळ्या केल्यात, दोघींना एकमेकींची एकही भाषा येत नाही, लाटणं मात्र दोघींना येतं. व्हिसाची आमंत्रणाची कागदपत्रं आणि आईबाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स वेळेत करा, शुगर आहे म्हणजे आधीपासूनच्या आजाराला कव्हर आहे का ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

आणखी एक, हिवाळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही. डिसेंबरमध्ये तुमच्या भागात सूर्य साडेआठच्या आसपास उगवतो आणि चार वाजून गेल्यावर लगेच मावळतो, आणि बरेच दिवस दिसतच नाही. पुण्याहून गेलेल्या माणसाला, त्यातही नोकरी नसलेल्या बाईला, हे फार अंगावर येतं. आठवड्यातून दोन दिवस तरी घराबाहेर तुझं स्वतःचं काहीतरी असू दे, भाषेचा बी-टूचा क्लास, पोहणं, छोटी नोकरी, काहीही. सासूबाईंना आधीच सांगून ठेव की मंगळवार गुरुवार तू नसशील.

दोनघरचा

पैशाचं थोडं. नवऱ्याला शक्य तर तिकडचं लोकल काँट्रॅक्ट घ्या, भारतातून पोस्टिंग नको. सरकारी आरोग्य विम्यात एकाच्या हप्त्यात बिनकमावती बायको आणि मुलं फुकट येतात, हप्ता पगाराच्या १४.६ टक्के अधिक थोडा वरचा, त्यातला निम्मा कंपनी भरते. पोस्टिंगवर गेलात तर पीएफ इथेच चालू ठेवता येतो, भारत जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून आहे, पण विम्याची सोय वेगळी बघावी लागते आणि शुश्रूषा म्हणतायत ती वडिलांसाठीची रजा अवघड होईल. मुलांचा सरकारी भत्ताही असतो, २०२५ मध्ये प्रत्येकी महिना २५५ युरो होता. इथल्या बँक खात्यांचं आणि टॅक्सचं सीएशी निघण्याआधी बोला, नंतर नाही.

माहुली

मंडळी, अपडेट देते. जायचं ठरलंय. ऑगस्ट ते पुढचा जुलै, एक शालेय वर्ष. वरचा मजला नाही, त्सेलेमध्ये भाड्याने घर बघतोय, सासरपासून बसने पंधरा वीस मिनिटं, शाळाही तिथलीच, मुलगी चालत जाऊ शकेल अशी. नवऱ्याने हानोफरच्या ऑफिसला लोकल काँट्रॅक्ट आणि तीस तास मागितलेत, शुक्रवार पूर्ण त्याचा आणि वडिलांचा. त्यांनी तत्त्वतः हो म्हटलंय, कागद आला की खरं. ग्रेडची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, सासूबाईंनी वही सुरू केलीये आणि नवरा त्या आठवड्यात तिथे जाऊन येणार आहे.

तारखेचं आम्ही सगळ्यांनी मिळून बोललो, नणंदही कॉलवर होती. जुलैत परत यायचं, आणि त्याआधी एप्रिलमध्ये बसून बघायचं की नर्सिंग सर्व्हिस, थेरपी, शेजारची मदत हे सगळं आमच्याशिवाय चालतंय का. नाही चाललं तर नवरा एकटा मागे राहील, मुलं आणि मी जूनच्या शाळेला नाही तरी जुलैत येऊ. हे सासूबाईंनीच सुचवलं. कातळ, तुमच्यामुळे हे बोलणं झालं, मनापासून आभार.

साताऱ्याला गेले होते रविवारी. भावाने महिन्यातून एक शनिवार रविवार कबूल केलाय, शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली, डॉक्टरांचा आणि गाडीवाल्याचा नंबर फ्रिजवर लावला. आई म्हणाली पासपोर्ट काढायला काय काय लागतं ते सांग. मी मुद्दाम काही विचारलं नाही, फॉर्म भरून दिला.

शाळेने मात्र जागा राखायला लेखी नकार दिलाय. तोंडी म्हणतात बघू. ते एक टोचतंय अजून, दुसऱ्या दोन शाळांत चौकशी चालू आहे.

शुश्रूषा

छान ठरवलंत. एकच सांगायचं, तपासणीचा निकाल मनासारखा आला नाही तर महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येते, बरेच जण घेत नाहीत. झटक्यानंतर बोलण्याचा त्रास हा अहवालात नीट आलाय ना ते वाचा.

रानजाई

माहुली, घर त्सेलेत घेत असाल तर बालवाडीचा अर्जही त्सेले शहराकडे करावा लागेल, सासूबाईंच्या गेमाइंडेत नाही. पत्ता ठरायची वाट बघत बसू नकोस, आत्ता सासरच्या पत्त्यावरून नाव नोंदव आणि फोन करून सांग की ऑगस्टला शहरात येतोय. गमबूट आणि पावसाळी पँट पुण्यातून आणू नकोस, माझ्याकडे लेकाची चार वर्षांच्या मापाची आहेत, जूनमध्ये घेऊन येते.